सात नंबरचा काटा

मला राग लवकर येतो आणि सावकाश जातो. घरातली माणसं म्हणतात, वयामुळे. वयाचा काही संबंध नाही. बत्तिसाव्या वर्षी आलेला एक राग अजून माझ्यापाशी आहे, नीट घडी घालून ठेवलेला. परवा सुनेने कसलासा फॉर्म भरताना विचारलं, "आई, तुम्ही नेमकं काय काम करायचात?" मी म्हटलं, ऑपरेटर होते. तिने लिहिलं, टेलिफोन ऑपरेटर. झालं, घडी उलगडली.

टेलिफोनचं काम हलकं असतं असं माझं म्हणणं नाही. पण मी साबणाच्या कारखान्यात प्लँट ऑपरेटर होते. घरापेक्षा मोठ्या कढईत तेल आणि कॉस्टिक सोडा उकळायचा, त्याला वाफ किती द्यायची, कधी तोडायची, हे दाब दाखवणाऱ्या बारा गेजांकडे बघून ठरवायचं, असं ते काम. या कामाचं दोन वर्षांचं शिक्षण मी घेतलं होतं आणि माझ्या वर्गातली मुलं माझ्या वह्या उतरवून पास झाली होती. ती सगळी नोकरीला लागली. मी घरी भाज्या चिरत होते. तेव्हा जाहिरात आली आणि मी अर्ज केला. एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. पुढे जे झालं त्यात माझा हात फक्त एका शून्यापुरता आहे.

मुलाखतीला बोलावलं हे कळल्यावर आमची इमारत कामाला लागली. वरच्या मजल्यावर एक पेन्शनर काका राहायचे. आयुष्यात त्यांनी एकच मुलाखत दिली होती, तीही चाळीस वर्षांपूर्वी, पण त्या विषयातला शेवटचा शब्द त्यांचाच असे. त्यांनी मला बजावलं की उत्तर कधी पूर्ण द्यायचं नाही. साहेबांना पुरं करायला थोडं ठेवायचं, म्हणजे त्यांना बरं वाटतं. सासूबाई म्हणाल्या, हसू नकोस, बायका हसल्या की नोकरीची गरज नाही असं वाटतं. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, हस, नाहीतर घरात भांडण आहे असं वाटतं. आमचे हे म्हणाले, "तुला योग्य वाटेल तसं कर." या वाक्याने त्यांनी आयुष्यभर स्वतःला सगळ्या जबाबदाऱ्यांतून सोडवून घेतलं आहे.

खोलीत तीन साहेब होते. मधोमध मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. उजवीकडे कामगार अधिकारी. डावीकडे जे होते त्यांचं काम काय हे मला पुढच्या सव्वीस वर्षांतही कळलं नाही, ते खोकायचे.

त्यांनी विचारलं, जिने चढता येतील का. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि नळाला पाणी खालीच येतं, असं सांगितलं. मोठी घंटा वाजली तर घाबराल का, असं विचारलं. घरी दोन मुलं आणि सासूबाई आहेत, असं सांगितलं. नवऱ्याची हरकत नाही ना, असं विचारलं. मी म्हटलं, त्यांनी मागच्या वर्षी कचेरी बदलली तेव्हा मला विचारलं नव्हतं. डावीकडचे खोकले. माझ्या शिक्षणातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. वाफेबद्दल नाही, कॉस्टिकबद्दल नाही. माझी कानशिलं तापायला लागली होती, तेवढ्यात मोठ्या साहेबांना बहुधा लाज वाटली आणि त्यांनी विचारलं, "ऑपरेटरचं पहिलं काम कोणतं?"

"जे दिसतं ते लिहिणं," मी म्हटलं.

मोठे साहेब "वा" म्हणाले. त्यांनी माझ्या अर्जावर ते वाक्य लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ ओढली. ती रेघ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, म्हणून सांगते.

नोकरी मिळाली. तीन महिने काम बघणार आणि मग कायम करणार. या तीन महिन्यांत एक जरी ठपका आला तरी घरी. घरी म्हणजे चिरायच्या भाज्यांकडे.

पहिल्या दिवशी स्टोअरमध्ये युनिफॉर्म घ्यायला गेले. पायजम्यासकट अंगभर एकच निळा डगला, समोर चेन. स्टोअरकीपरकडे माप लिहायचा फॉर्म होता आणि त्यात छाती असा एक रकाना होता. त्या सज्जन माणसाने त्या रकान्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि लिहिलं, "अंदाजे". अंदाज त्याने कुणाचा घेतला होता देव जाणे. निवृत्त झालेल्या एका धिप्पाड ऑपरेटरचा डगला माझ्या हातात आला. पाय चार वेळा दुमडले. बूट दोन नंबर मोठे, म्हणून पुढे वर्तमानपत्र कोंबलं. जिन्यावरून मी उतरायला लागले की खालचे लोक आधी बूट आणि मागाहून बाई येणार या हिशेबाने वाट बघत.

तेही सोसलं. पण प्लँटमध्ये बायकांची मोरी नव्हती. ती होती ऑफिसच्या इमारतीत, आणि मध्ये एक गेट होतं. गेटमधून जायला पास लागे आणि पासावर कारण लिहावं लागे. मी लिहिलं, वैयक्तिक. पहारेकऱ्याने सांगितलं, वैयक्तिक कामाला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते. मी लिहिलं, नैसर्गिक. हा शब्द त्याच्या यादीत नव्हता, म्हणून त्याने तो पास मंजुरीसाठी कामगार अधिकाऱ्यांकडे पाठवला. तिसऱ्या दिवशी त्यावर "मंजूर" असा शिक्का बसून तो परत आला. तिसऱ्या दिवशी. मधले दोन दिवस मी सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता काढले, आणि हे मी आज पंचाहत्तरी ओलांडल्यावर लिहिते आहे, कारण तेव्हा लिहायची सोय नव्हती.

आता गेजांकडे येते.

प्लँटच्या एका टोकाला काचेची खोली होती. तिच्यात लोखंडी पॅनेलवर बारा गोल गेज, चार-चारच्या तीन ओळींत. दर तासाला बाराही काट्यांचे आकडे तक्त्यावर लिहायचे, खाली ऑपरेटरची सही, त्याखाली सुपरवायझरची, आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली मोठ्या साहेबांची. मला शिकवायला एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शांत, सुपारी कातरल्यासारखं मोजकं बोलणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी गेज एकेक करून समजावले आणि सातवर आल्यावर एवढंच म्हणाले, "सातला चार दोन." म्हणजे चार पूर्णांक दोन दशांश इतका वाफेचा दाब. मला वाटलं, तेवढा राखायचा असतो.

मास्तर पाळीचा सगळा तक्ता सकाळच्या चहाच्या आधीच भरून टाकत. आठही तास. मी चकित होऊन विचारलं तर म्हणाले, पाठ आहे. आणि खरंच पाठ होता. संध्याकाळी पडताळून पाहिलं तर फार कुठे चुकले नव्हते. सातसमोर मात्र ते स्वतःच उभे राहत, काटा मला दिसत नसे; तिथे ते चार दोन, चार एक, चार दोन, चार तीन असं लिहीत. सारखं चार दोन लिहिलं तर मेल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

पाचव्या आठवड्यात मास्तर पुतणीच्या लग्नाला गेले आणि पॅनेलसमोर मी पहिल्यांदा एकटी उभी राहिले. नाकावर चष्मा, हातात पेन, पायात वर्तमानपत्र. आठ वाजता सुरुवात केली. एक, दोन, तीन, सगळं ठीक. सातवर काटा शून्यावर. काचेवर टिचकी मारली. शून्य. चष्मा पुसला. शून्य. मग मी ते केलं ज्याच्या खाली मोठ्या साहेबांनी रेघ ओढली होती. शून्य लिहिलं, आणि सुपरवायझरला फोन केला.

सुपरवायझर म्हणजे छोटे साहेब. कॉलेजमधून येऊन चार महिने झालेले, अजून कॉलर ताठ. ते धावत आले, काट्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. भिंतीवर टांगलेल्या नियमांच्या पाटीवर सहाव्या कलमात लिहिलं होतं: सात नंबरचा दाब दोनच्या खाली गेल्यास वाफ त्वरित बंद करावी. त्यांनी बंद केली. मुलाचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

पुढे सातवं कलम होतं: सात नंबर चार दोनवर आल्याखेरीज वाफ सुरू करू नये.

सात काही येईना. नऊ वाजले, दहा वाजले. मेकॅनिकला शोधलं तर तो दुसऱ्या इमारतीत. मोठे साहेब मीटिंगला बाहेरगावी. लेखी हुकमाशिवाय कलम मोडायची कुणाची छाती नव्हती. कढईत साबण निवत चालला होता. दुपारी तो शिऱ्यासारखा झाला, संध्याकाळी खरवसासारखा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर माणूस उभा राहिला. खरंच उभा राहिला, कुदळ घेऊन. नळ्यांतही साबण गोठला. माझ्या त्या एका शून्यापायी एवढी मोठी वडी तयार झाली की आमच्या इमारतीने ती दोन पिढ्या वापरली असती. कारखान्यात सगळीकडून मलाच बघायला माणसं येत होती. एक जण तर डबा घेऊन आला होता.

त्या दुपारी मला काही काम नव्हतं, तेव्हा मी पॅनेलच्या मागे गेले. प्रत्येक गेजातून एक बारीक तांब्याची नळी निघते आणि जिथला दाब मोजायचा तिथे जाते. सातची नळी मी बोटाने धरून चालायला लागले. ती भिंतीवरून गेली, कोपऱ्यात वळली, फायलींच्या कपाटामागे शिरली आणि संपली. टोकाला चिंधी बांधलेली होती. कुठेच जात नव्हती ती. चौकशी केली तेव्हा कळलं, ज्या टाकीचा दाब ती मोजत होती ती टाकी अकरा वर्षांपूर्वी मोडून काढली. टाकीच्या जागी आता मोठ्या साहेबांची गाडी उभी राहते. अकरा वर्षं, दिवसाचे चोवीस तास, त्या रिकाम्या जागेचा दाब चार दोन होता.

मास्तर परत आल्यावर मी त्यांना कपाटामागे नेऊन चिंधी दाखवली. त्यांनी पाहिलीसुद्धा नाही.

"मला माहीत आहे बाई. सगळ्यांना माहीत आहे, त्या नव्या पोराशिवाय," ते म्हणाले. "पण सांगायचं कुणी? जो सांगेल त्याच्याच सह्या आधी बाहेर निघतील. माझ्या अकरा वर्षांच्या आहेत. त्यांच्याखाली साहेबांच्या आहेत."

"म्हणून ठपका माझ्यावर?"

"तुमच्या पाच आठवड्यांच्याच आहेत," मास्तर म्हणाले. हे ते इतक्या मायेने म्हणाले की मला त्यांना त्या वडीत चिणावंसं वाटलं.

मला पत्र आलं. आधीच्या पाळीत चार दोन, त्याच्याही आधीच्या पाळीत चार दोन, आणि आपल्याच पाळीत शून्य कसे, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. चौकशी समिती नेमली होती. तेच तिघे.

घरी खुलाशाचं पत्र टेबलावर ठेवलं आणि इमारत पुन्हा जमली. पेन्शनर काकांनी सहा पानी मसुदा करून आणला. त्यात "सविनय" हा शब्द अकरा वेळा होता आणि गेज हा शब्द एकदाही नव्हता. शिंपीणबाई म्हणाल्या, रडून बघ. सासूबाई त्या दिवशी प्रथमच माझ्या बाजूने बोलल्या. म्हणाल्या, आकडा तिने वाचला तो वाचला, आमच्या घरात डोळ्यांचं कुणाला काही नाही. रात्रीची भांडी आवरताना आमचे हे हळूच म्हणाले, "लिहून टाक ना, नजरचूक झाली. तुझं काय जातं? चार दोन काय, शून्य काय."

"आणि उद्या खरोखर शून्य झालं तर?" मी विचारलं.

"तेव्हा बघू."

मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

खुलासा मी स्वतः लिहिला. एक ओळ: सात नंबरचा काटा शून्यावर होता म्हणून शून्य लिहिले, आणि त्याची नळी कशालाही जोडलेली नाही. काका ती ओळ वाचून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मुली, हे तर पूर्ण उत्तर आहे."

समिती आली तेव्हा प्लँट बंदच होता. कढईत अजून कुदळी चालू होत्या. तिन्ही साहेब काचेच्या खोलीत शिरले. मागे मास्तर, छोटे साहेब आणि आदल्या दिवशीच सापडलेला मेकॅनिक. मोठ्या साहेबांनी नळीबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी पेनाचं टोक सातच्या काचेवर ठेवलं आणि मला विचारलं, "बाई, इथे किती दिसतंय?"

मी पाहिलं. चार दोन.

काच नुकतीच पुसलेली होती. कडेचे स्क्रू चकचकीत होते. मेकॅनिक खाली बघत होता. काटा चार दोनवर असा बसला होता, जणू जन्मापासून तिथेच आहे. नोकरी गेली, हे मला कळलं. भाज्या दिसायला लागल्या.

"दिसतंय ना?" कामगार अधिकारी म्हणाले. "मग त्या दिवशी का दिसलं नाही?"

आता रागाचं एक बरं असतं. तो आला की नजर स्वच्छ होते. मी सातवरून नजर काढली आणि बाकीच्या अकरांवर फिरवली. मग तक्त्याची पाटी काढली, पेन घेतलं आणि मोठ्याने वाचत लिहायला सुरुवात केली. एक, शून्य. दोन, शून्य. तीन, शून्य. सहाव्या शून्यापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. सातला मी थांबले.

"साहेब," मी म्हटलं, "चार दिवस वाफ बंद आहे. बॉयलर थंड आहे. कढईत माणसं उभी आहेत. अकरा काटे शून्यावर आहेत. हा एकच चार दोनवर आहे. मुलाखतीत तुम्ही ज्याच्या खाली रेघ ओढली होती ते आता करते. जे दिसतं ते लिहिते. सात, चार दोन. खाली तुमची सही लागेल."

आणि पाटी त्यांच्यापुढे धरली.

त्या खोलीत कुदळींचा आवाज फार स्पष्ट ऐकू येत होता. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. कामगार अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. डावीकडचे खोकले नाहीत, आणि मला वाटतं, त्यांच्या नोकरीतला तो एवढाच प्रसंग असेल. मोठ्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "चौकशी पूर्ण झाली."

कुणाला वाटेल, मी जिंकले. तिथेच तर माझा राग आहे. समितीचा निकाल आला तो असा: साबण गोठण्यास हवामान कारणीभूत. सात नंबरचे गेज समाधानकारक. सदर ऑपरेटरचे वाचन अचूक आहे, तथापि सहकाऱ्यांशी जुळवून घेण्यात त्या कमी पडतात, सबब त्यांना कायम करण्याआधी आणखी तीन महिने पाहावे. हवामान! त्या आठवड्यात उन्हाने डांबर वितळत होतं.

आणखी तीन महिने मी काढले. त्या डगल्यात, त्या बुटांत, त्या पासांवर. कायमही झाले. सातच्या रकान्यात मात्र मी पुन्हा आकडा लिहिला नाही. दर तासाला लिहायचे, "जोडलेले नाही". पाळीत आठ वेळा. सव्वीस वर्षं. माझ्या पाळीत "जोडलेले नाही", मास्तरांच्या पाळीत चार दोन, आणि दोन्हींच्या खाली मोठ्या साहेबांची तीच वळणदार सही. त्यांच्यानंतर दुसरे मोठे साहेब आले, मग तिसरे. एकानेही कधी विचारलं नाही. त्या सव्वीस वर्षांची सवय म्हणून डॉक्टर माझा रक्तदाब घ्यायला लागले की मी आधी त्यांच्या यंत्राची नळी हातात धरून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन येते. त्यांना ते आवडत नाही.

मी निवृत्त झाले त्या वर्षी ते पॅनेल भंगारात गेलं. निरोपाच्या दिवशी मला हार घातला आणि एक जड खोका दिला. घरी येऊन उघडला. लाकडी पाटीवर बसवलेलं, ब्रासो लावून चमकवलेलं एक गेज. खाली कोरलेलं: प्रदीर्घ आणि अचूक सेवेबद्दल. सात नंबर. काटा चार दोनवर. तेव्हाचा चिकटवलेला, तसाच.

आमच्या ह्यांनी ते मोठ्या कौतुकाने बैठकीच्या भिंतीवर लावलं. येणारा-जाणारा म्हणायचा, काय सुंदर आहे. मी जाता-येता बघत राहिले. इतकी वर्षं बघत राहिले.

परवा सुनेने तो टेलिफोनवाला फॉर्म भरला, त्या संध्याकाळी मी स्टूल घेतलं, गेज उतरवलं आणि स्क्रूड्रायव्हर शोधला. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. चार स्क्रूंना अर्धा तास लागला. काच काढली. काट्याच्या मुळाशी डिंकाचा पिवळा थेंब होता. तो सुईने खरवडून काढला. काटा एकदा थरथरला, मागे आला आणि शून्यावर टेकला. टक् असा बारीकसा आवाज झाला.

काच परत बसवली. समोर सुनेचा फॉर्म पडला होता, त्याच्या पाठीवर मी लिहिलं: सायंकाळी सहा. सात नंबर, शून्य. खाली सही केली. मग जरा सवयीनेच तो कागद आमच्या ह्यांच्यापुढे सरकवला.

ते पेपर वाचत होते. त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या सहीखाली सही केली आणि कागद परत दिला.

"काय होतं?" त्यांनी नंतर विचारलं.